दारापलीकडच्या टाळ्या

शेजारणीची वाटी रिकामी परत करायची नाही, ही आमची भोईवाड्यातल्या चाळीतली रीत. चाळ पडली, टॉवर झाला, माणसं सतराव्या मजल्यावर गेली, तरी रीत सुटली नाही. त्या सकाळी समोरच्या घरातली सून माझी वाटी शिरा घालून द्यायला आली. दोन पावलं तर यायचं होतं. पॅसेजमधून वारा आला आणि तिच्यामागे दार धाडकन बंद झालं.

"मावशी, लॅच पडला," ती म्हणाली. "पिल्लू आत आहे."

पिल्लू म्हणजे तिची दीड वर्षाची मुलगी. चावी आत, मोबाइल आत, नवरा कामावर. चाळीत दारं दिवसभर सताड उघडी असायची. वाऱ्याने लागलेलं दार पुन्हा उघडणारच नाही, हे आमच्या अजून अंगवळणी पडलेलं नाही.

"गॅस?" मी विचारलं.

"बंद आहे. खिडक्यांना जाळ्या आहेत." मग तिचा चेहराच उतरला. "टब भरलाय मावशी. बाथरूमचं दार उघडंय."

दुसऱ्या दिवशी पाणी येणार नव्हतं म्हणून घरोघरी टब भरलेले. मी लहान असताना चाळीत एक पोर मोरीतल्या टबात डोक्यावर पडून बुडालं होतं. आई तिथेच पाठमोरी भाकऱ्या थापत होती, तिला काही ऐकू आलं नाही. बुडणारं मूल ओरडत नाही, हे त्या दिवशी चाळीला कळलं. त्यानंतर प्रत्येक टबावर, पिंपावर झाकण आलं आणि झाकणावर वरवंटा. टॉवरमध्ये येताना आम्ही शहाण्यांनी झाकणं भंगारात दिली.

मी इंटरकॉमवर खाली सांगितलं, तसा वॉचमन चावीवाल्याला आणायला धावला. आत पिल्लू रडत होतं. रडतंय तोवर बरं, असं मी म्हणतेय तोच रडणं थांबलं.

सून दारावर मुठी आपटायला लागली. "गप, घाबरवू नकोस तिला," मी तिच्यावर खेकसले. पण पोरीला दाराशी धरून ठेवायचं कसं? गणपतीत आमच्याकडे आरतीला ही सगळ्यांत आधी टाळ्या वाजवते, आणि प्रसाद मिळेपर्यंत थांबत नाही. मी हातातली शिऱ्याची वाटी उंबऱ्याशी ठेवली आणि फाटक्या आवाजात आरती सुरू केली. मजल्यावरच्या बायका बाहेर आल्या, त्यांनी टाळ्या धरल्या. थोड्या वेळाने दाराला आतून, खालच्या बाजूला, चिमुकले तळहात लागले. थाप, थाप. मी जन्मात इतक्या मनापासून आरती म्हटली नव्हती.

एक संपली की दुसरी. तिसरीच्या मध्येच थापा थांबल्या.

सून जमिनीला गाल लावून फटीतून बघत होती. "पाय दिसत नाहीत," ती म्हणाली. मी म्हणतच राहिले. शब्द चुकत होते, कडवी उलटसुलट होत होती, बायका रडत रडत टाळ्या वाजवत होत्या. बराच वेळ आतून काहीच नाही. मग पुन्हा थाप आली, पण आवाजावरून ओल्या हाताची.

चावीवाल्याने दार उघडलं. पिल्लू समोरच उभं होतं. फ्रॉक गळ्यापर्यंत भिजलेला, केसांतून पाणी निथळत होतं. आमच्याकडे बघून तिने टाळी वाजवली आणि प्रसादासाठी हात पुढे केला.

त्या ओल्या तळहातावर मी शिरा ठेवला. मग आत जाऊन टब उपडा करायला लागले.

"अहो, उद्या पाणी नाहीये," मागून कुणीतरी म्हणालं.

"नसू दे," सून म्हणाली आणि लेकीला कडेवर घेऊनच तिने टबाची दुसरी कड धरली.