अच्युतकाकांचं बेडं

अच्युतकाकांना कोणी "काल तुम्ही म्हणालात" एवढं म्हटलं, की त्याचं पुढचं वाक्य वाया जायचं. "काल म्हणाला तो गेला," काका सांगायचे, "मी आजचा. बोला." हे ते चिडून म्हणत नसत आणि गंमत म्हणूनही नाही. आधीच्या साहेबांची बदली झाली, हे नवा साहेब ज्या आवाजात सांगतो, त्या आवाजात सांगत. त्यांचा दुपारचा डबा माझ्याकडून जात असे. उद्या भरलेलं पापलेट कर म्हणाले, म्हणून सकाळी शाळेत जाण्याआधी बंदरावर हुज्जत घालून पापलेट आणावं, तर हे डबा उघडून विचारणार, "पापलेट? कोणी सांगितलं?"

"तुम्हीच. काल."

"तो खवय्या होता," असं म्हणून सगळं पापलेट काट्यापर्यंत साफ करत. कालचा माणूस जाताना आपली भूक तेवढी मागे ठेवून जात असावा.

हे गृहस्थ एके काळी फार प्रसिद्ध होते. मुंबईला कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत. त्यांचं एक जाडजूड पुस्तक होतं. नाव सांगत नाही, कारण तुम्ही शोधत बसाल आणि ते कुठेच मिळणार नाही. त्यात म्हणणं असं होतं, की माणूस रोज नवा असतो. काल शब्द देणारा आज शिल्लक नसतो, म्हणून दिलेला शब्द म्हणजे मेलेल्या माणसाचं मागणं. ते जिवंत माणसाने का पुरवावं? त्या काळात तरुण मुलं हे वाचून भारावून गेली. व्याख्यानमालांना लोक खिडकीत बसायचे. कितीतरी साखरपुडे त्या पुस्तकापायी मोडले म्हणतात. काकांनी स्वतः लग्नच केलं नाही. "सप्तपदीत सात वचनं," ते म्हणायचे, "आणि तीही चालता चालता. माणसाने निदान बसून तरी बोलावं."

मग एका पुढाऱ्याने पक्ष बदलताना भर सभेत त्यांचं वाक्य म्हटलं, "काल तुम्हाला शब्द देणारा मी, तो मी नव्हेच." टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवसापासून काकांनी व्याख्यानं बंद केली. त्यानंतर लोक त्यांना विसरले, आणि ज्या वेगाने विसरले तो पाहता त्यांचं म्हणणं खरं असावं, असं मला वाटतं.

थोरले भाऊ वारले तेव्हा काका गावी आले आणि राहिले. आमचं गाव दिघीच्या खाली, समुद्रालगत. रस्त्याच्या कडेला काकांची सुपारीची वाडी, वाडीच्या मागे आमची खालची आळी, आळीच्या मागे स्मशान आणि मग समुद्र. खालच्या आळीची जुनी वाट किनाऱ्याने जायची. ती समुद्राने खाल्ली. तेव्हा काकांचे आजोबा आमच्या आजेसासऱ्यांना म्हणाले होते, "आमच्या वाडीतून जा. माझा शब्द." तेव्हापासून आमचं बाजारहाट, शाळा, दवाखाना, लग्न, सगळं त्या वाडीतल्या पायवाटेने होतं. दुसरी वाट नाही.

वाडी आणि आळी यांच्या मध्ये बेडं आहे, म्हणजे दोन खांबांच्या भोकांत आडवे बांबू सरकवून केलेलं फाटक. रात्री ते लावायचं, नाहीतर गुरं शिरतात. सकाळी ते वाडीच्या मालकाने उघडायचं. आळीतलं माणूस मालकाआधी त्याला हात लावत नाही. असा नियम कोणी केलेला नाही, पण तसं करणं बरं दिसत नाही. रात्री-अपरात्री कोणाला बरं नसलं तर हाक मारायची, मालक उठून येतो. भाऊ होते तोवर भाऊ उघडत. मग काका उघडू लागले. उजाडायच्या सुमारास स्वेटर घालून येत, एकेक बांबू सरकवत, आणि समोर कोणी असो नसो, "या" म्हणून परत जात.

मी एकदा विचारलं, "काका, एवढं लवकर उठण्यापेक्षा उघडंच ठेवा की."

"उघडं ठेवणं वेगळं आणि उघडणं वेगळं," ते म्हणाले. थोडा विचार करून म्हणाले, "शिवाय गुरं शिरतात."

शिमग्याला गावदेवीची पालखी खालच्या आळीत येते तीही याच वाटेने. पालखी बेड्याशी थांबते. ती न्यायला आम्ही आळीच्या बाजूला उभे असतो आणि वाडीचा मालक आत उभा राहून आम्हाला विचारतो, "वाट कोणाची?" आम्ही बाहेरून सगळे एका आवाजात म्हणतो, "तुमची." मग तो म्हणतो, "मग या." काका देव मानत नसत. पहिल्या वर्षी ते हे विचारतील की नाही, याची सगळ्यांना धास्ती होती. पण ते अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून वेळेवर उभे राहिले. नंतर मी विचारलं तर म्हणाले, "मी देवाला मानत नाही. पण त्याची वाट अडवण्याइतकाही मी मानत नाही."

एकदा त्यांचा एक जुना चाहता मुंबईहून शोधत आला. केस पिकलेला गृहस्थ. पायांना हात लावून म्हणाला, "सर, तुमच्या पुस्तकाने माझं आयुष्य बदललं. त्यातला शब्दाविषयीचा भाग मला पुन्हा समजावून सांगाल?" काका म्हणाले, "ते लिहिणाऱ्याला मी ओळखत होतो. बोलायला छान होता. पण तुम्ही उशीर केलात." आणि त्याच्या हातात शहाळं दिलं. गृहस्थ शहाळं पिऊन, डोळे पुसत गेला. त्याला उत्तर मिळालं असावं. मला मिळालं नाही.

आता मिलिंदबद्दल सांगायला हवं. मिलिंद हा भाऊंचा मुलगा, काकांचा एकुलता पुतण्या. अर्धी वाडी त्याच्या नावावर, अर्धी काकांच्या. तो वाईट मुलगा नाही. खारघरला राहतो, नोकरी करतो, आणि वाडीतल्या सुपारीवर आज कोणाचंही घर चालत नाही हे खरं आहे. त्याला रिसॉर्टवाला गिऱ्हाईक मिळालं. त्याची अट एकच, वाडीतून कोणाचीही वाट नको. आगरदांड्याला फेरीबोटीत गाडी घालून मिलिंद वकिलाला घेऊन आला आणि काकांच्या पडवीत बैठक बसली. खालची आळी अंगणात उभी. आमच्या वतीने पांडूआजा बोलणार होता. तो आळीतला सगळ्यात जुना माणूस, माडावर चढण्याचं काम करायचा, आता चढत नाही.

पांडूआजा म्हणाला, "आमची वाट हाय ही. बापजाद्यांपासनं हाय."

वकील सभ्य होता. म्हणाला, "आजोबा, शिमग्याला तुम्ही काय म्हणता? वाट कोणाची?"

"त्यांची."

"दरवर्षी? सगळ्या गावासमोर?"

"व्हय. मंग?"

"मग झालं की. म्हणजे हा तुमचा हक्क नाही, यांची मेहेरबानी आहे. तुम्हीच कबूल करत आलात. मेहेरबानी केव्हाही बंद करता येते."

पांडूआजाने डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. "मंग काय म्हनायला पायजे व्हतं?"

"'आमची' म्हणायला हवं होतं."

"दुसऱ्याच्या वाडीत जाताना? त्याच्या तोंडावर?" पांडूआजाला ते खरंच समजेना. "आसं कसं म्हनायचं, सायेब? बरं दिसतं काय ते?"

म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या आम्ही नीट वागलो आणि तेच आमच्या अंगाशी आलं. मी शाळेत क्लार्क आहे, मला कागद कळतात. तो वकील बरोबर बोलतोय हे मला कळलं. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना खुर्चीत बसवून दवाखान्यात न्यायचं तर याच वाटेने.

मिलिंद काकांकडे वळला. "काका, तुम्ही एवढंच लिहून द्या, की वाटेचं वचन कोणाला दिलेलं नाही. तुमचे आजोबा कधीच गेले. आणि तुमच्याच पुस्तकात आहे, दिलेला शब्द देणाऱ्याबरोबर मरतो."

"वाक्य चांगलं आहे," काका म्हणाले. "आण, लिहून देतो."

काकांनी चष्मा लावला आणि सावकाश बोलत लिहू लागले. "वाटेचं वचन आम्ही कोणाला दिलेलं नाही. आजोबांनी दिलं होतं, ते आजोबांबरोबर गेलं." मिलिंदने सुस्कारा सोडला. काकांनी पेन थांबवलं. "पण आज सकाळी मी बेडं उघडलं. ते आजोबांनी नाही उघडलं, मी उघडलं. कालच्याने नाही, आजच्याने. 'या' म्हणालो. हेही लिहू का?"

वकील म्हणाला, "ते लिहिलं तर उपयोग नाही."

"मला दिलेल्या शब्दावर भरवसा नाही," काका मिलिंदला म्हणाले, "म्हणून मी रोज उठतो. भरवसा असता तर झोपलो असतो."

"म्हणजे विकायची नाही?"

"आज नाही."

"आणि उद्या?"

"उद्याचा येईल, त्याला विचार. तो साधारण माझ्यासारखाच आहे, असं ऐकतो."

पुढे मिलिंद जेव्हा जेव्हा आला, तेव्हा बूट काढता काढता विचारायचा, "आज?" काका म्हणायचे, "आज नाही. चहा घे." दोघांना त्याची सवय झाली.

मला मात्र झोप लागेना. एक दिवस मी डब्याबरोबर टाइप केलेला कागद नेला. खालच्या आळीला कायमची वाट दिली, एवढाच मजकूर. म्हटलं, "काका, सही करा. तुम्ही आहात तोवर ठीक. नंतर आम्ही कोणाच्या तोंडाकडे बघायचं?"

त्यांनी कागद वाचला, माझं टायपिंग चांगलं आहे म्हणाले आणि परत दिला. "सुनंदा, कागद केला की माणूस निश्चिंत होतो. मग बेडं कोण उघडणार?"

मला फार राग आला. मी स्पष्ट म्हटलं, की तुमचं तत्त्वज्ञान तुमच्या घरी, आमच्या घरी म्हातारं माणूस आहे. त्यानंतर काही दिवस डब्यात नुसता वरणभात पाठवला, लोणचंही नाही. ते मुकाट्याने जेवत. शेवटी म्हणाले, "आजची सुनंदा रागावलेली दिसते. कालची बरी होती."

"कालची गेली," मी म्हटलं.

त्यांना इतका आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता. आयुष्यभर शिकवून एक तरी विद्यार्थी पास झाला, असा चेहरा. दुसऱ्या दिवशी मी पापलेट पाठवलं. सही केली नाहीच.

त्यानंतरच्या थंडीत एका सकाळी बेडं लावलेलंच होतं. पांडूआजा येऊन उभा राहिला. मागून दूधवाली, मग बाजाराला निघालेल्या बायका, मग शाळेची पिशवी घेतलेली मी. ऊन सुपारीच्या शेंड्यांवर आलं. सगळ्यांना कळलं होतं, पण बांबूला कोणी हात लावला नाही. मी हाक मारली. शेवटी पांडूआजा खालच्या बांबूखालून वाकून आत गेला आणि त्याच्यामागे आम्ही सगळी एकेक करून वाकून गेलो. काका पडवीत खुर्चीवर बसले होते. स्वेटर घातलेला होता, एक चप्पल पायात, एक पायाशी. म्हणजे निघाले होते. मी त्यांची चप्पल सरळ करून ठेवली आणि मग मला रडू आलं.

दुपारी मिलिंद आला. आमच्याकडे स्मशान किनाऱ्यावर, म्हणजे प्रेतयात्रा वाडीतून खालच्या आळीत आणि आळीच्या अंगणांतून पुढे. मिलिंद विस्तवाचं मडकं घेऊन पुढे चालत होता. बेड्याशी आला तर बेडं अजून लावलेलंच. या वेळी तो आत होता आणि जायचं होतं आमच्या अंगणांतून. मागे तिरडी थांबली. पलीकडे आळी उभी.

पांडूआजाने त्याच्याकडे पाहिलं. हे त्याने मुद्दाम केलं असं मला वाटत नाही. बेड्याशी थांबलं की काय विचारायचं असतं, ते त्याला पाठ होतं, एवढंच. त्याने विचारलं, "वाट कुनाची?"

मिलिंदबरोबर आलेला वकील तिथेच होता. त्याने मिलिंदकडे पाहिलं. मिलिंदने मडक्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"तुमची," तो म्हणाला.

"मंग या," पांडूआजा म्हणाला.

मडकं खाली ठेवता येत नाही. मिलिंदने ते एका हातात धरून दुसऱ्या हाताने बांबू सरकवले. मदतीला कोणी पुढे झालं नाही. ते त्यानेच करायचं होतं.

तेराव्यापर्यंत तो राहिला आणि रोज सकाळी बेडं उघडलं. "या" मात्र म्हणत नसे, नुसती मान हलवी. निघताना मी विचारलं, "आता काय करणार?" तो म्हणाला, "बघू, काकू." दुसऱ्या दिवशी उजाडताना माझा फोन वाजला. तो कामावर निघाला होता, मागे गाड्यांचे आवाज. "काकू," तो म्हणाला, "उघडा." आणि ठेवला.

तेव्हापासून रोज फोन येतो. वाडी त्याने विकलेली नाही. विकणार नाही असंही तो म्हणालेला नाही. शब्द देण्याची त्यांच्या घरी पद्धत उरलेली नाही. मीही कागदाचा विषय पुन्हा काढला नाही. फोन आला की जाते, बांबू सरकवते आणि समोर कोणी असो नसो, "या" म्हणते. ते म्हणताना अच्युतकाकांची फार आठवण येते. हे त्यांना सांगितलं असतं तर विचारलं असतं, कोणत्या?

आज फोनला उशीर झाला. मी बेड्याशी गेले तर पांडूआजा, दूधवाली, बाजाराच्या बायका, सगळी येऊन उभी होती. घरी सासूबाईंना दवाखान्यात न्यायची खुर्ची तयार. कोणी मला घाई केली नाही आणि बांबूला कोणी हात लावला नाही. मी फोन हातात धरून त्यांच्यात जाऊन उभी राहिले.

मग तो वाजला.