कोनाच्या घरचं फुकट?

पंचफुलाकाकूंच्या घरातून रिकामं भांडं बाहेर पडलेलं आमच्या गल्लीत कुणी पाहिलं नव्हतं. तुम्ही वाटीभर खीर पाठवली, तर वाटी परत येताना तीत मूठभर तुरीची डाळ असायची. डाळ नसली तर गूळ, गूळ नसला तर कढीपत्ता. एकदा घरात काहीच नव्हतं, तर त्यांनी वाटीत चिमूटभर मीठ घालून पाठवलं. माझ्या सासूबाईंना वाटलं, भाजी अळणी झाली म्हणून टोमणा मारला. दोन दिवस दोघींचा अबोला. शेवटी काकूच दारात येऊन म्हणाल्या, "मीठच होतं नं वो घरात, बाप्पा! मंग काय रिकामी वाटी धाडू तुमाले?"

दारव्ह्यात आमचं आणि त्यांचं घर एका भिंतीचं. काका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते, ते गेले. मुलगी उज्ज्वला अमरावतीला दिलेली. मी घरीच ब्लाउज शिवते. माझं मशीन त्या मधल्या भिंतीला लागून आहे, त्यामुळे काकूंचं खोकणं, त्यांचा रेडिओ, त्यांचं भांड्यांशी बोलणं, सगळं मला ऐकू यायचं. मशीन थांबलं की त्या पलीकडून ओरडत, "काहून थांबली व मंदे? दोरा तुटला का?"

फुकट या शब्दाचं त्यांना वावडं होतं. भाजीवाल्यानं वरून कोथिंबिरीच्या दोन काड्या टाकल्या तरी त्या विचारत, "कोनाच्या घरचं फुकट हाये हे?" निवडणुकीत एक जण घरोघरी साड्या वाटत फिरत होता. आम्ही सगळ्याजणींनी घेतल्या, खोटं कशाला बोलू. काकूंनी त्याला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "तुह्या घरची हाये का तुह्या साहेबाच्या? साहेबाच्या असंन तं त्याले काय पाहिजे ते आधी सांग." तो पाणी पिऊन साडी घेऊन निघून गेला. पुढच्या हळदीकुंकवाला आम्ही दहा बायका एकाच रंगात आणि काकू त्यांच्या जुन्या जांभळ्या लुगड्यात. दिवसभर हसत होत्या आम्हाला.

त्या दोघी पहिल्यांदा आल्या तेव्हा मी काकूंच्या ओसरीवर बसून हूक लावत होते. शोभाताई पन्नाशीच्या, चष्मा, हातात छत्री. प्रणाली तिशीची, खांद्याला जड पिशवी. दिग्रसहून जीपनं आल्या होत्या. शोभाताई फार गोड बोलायच्या. "आजी, बायबलचा अभ्यास असतो. आम्ही घरी येऊन शिकवतो. फुकट. पुस्तकंही फुकट."

आता काय होणार ते मला माहीत होतं. मी सुई थांबवली.

"कोनाच्या घरचं?" काकू म्हणाल्या.

"म्हणजे?"

"कागद लागला असंन, शाई लागली असंन, तुमाले जीपचं भाडं लागलं असंन. ते कोनाच्या घरून आलं?"

शोभाताई गडबडल्या नाहीत. "आमच्या प्रार्थनेच्या मंडळीतल्या लोकांना जमेल तसं ते देतात. तुमच्याकडून काही नको. आठवड्यातून एक तास फक्त द्यायचा."

"तास तं लय हायेत माह्यापाशी," काकू म्हणाल्या. मग आत गेल्या आणि कागदात बांधून सरगुंडे घेऊन आल्या. कणीक काडीवर गुंडाळून वाळवलेले, उन्हाळ्यात उकडून आमरसात खायचे. काकूंच्या हातचे सरगुंडे गल्लीत प्रसिद्ध होते. शोभाताई नको नको म्हणू लागल्या, तेव्हा काकूंनी पुस्तक पुढे केलं. "मंग हे वापस घ्या." त्यांनी मुकाट्यानं सरगुंडे घेतले.

त्या एका तासानं काकूंना काय दिलं, ते मी भिंतीपलीकडून ऐकलं आहे. चौथीत शाळा सुटलेली बाई बोट ठेवून ओळ वाचायला लागली. अडली की प्रणाली थांबायची, घाई करायची नाही. कुणीतरी आपल्याला आठवडाभर आधी ठरवून भेटायला येतं, आपण काय म्हणतो ते विचारतं, याचं काकूंना फार अप्रूप होतं. उज्ज्वलाचा फोन पंधरा दिवसांतून यायचा, तोही "जेवलीस का" एवढाच. मी भिंतीला लागून होते, पण मीसुद्धा कधी त्यांना विचारलं नव्हतं, की मेल्यावर माणूस कुठे जातं असं तुम्हाला वाटतं. त्या दोघींनी विचारलं. तास सोमवारी असायचा. केस धुऊन, नीट अंबाडा घालून काकू बसायच्या. मला त्या सोमवारांचा राग यायचा, हे आता सांगायला हरकत नाही.

पुस्तक मीही चाळलं होतं. प्रत्येक पानाखाली प्रश्न, आणि उत्तर वरच्या परिच्छेदात. पेन्सिलीनं खूण करायची. "सोपं हाये व," काकू मला म्हणाल्या, "इचारते बी तेच अन् उत्तर बी तेच देते. आपुन फक्त सापडवाचं." त्यांना यात काही खटकलं नाही. कोथिंबिरीच्या काड्या पारखणाऱ्या बाईला खटकलं नाही, म्हणून मीही काही बोलले नाही.

देव काढा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते त्यांना पानाखालच्या एका प्रश्नावरून आपोआप सापडलं. एका दुपारी त्या पितळेच्या डब्यात अन्नपूर्णा, बाळकृष्ण आणि महादेवाची पिंड घेऊन आमच्याकडे आल्या. सासूबाईंसमोर डबा ठेवून म्हणाल्या, "बाई, मोडीत घालाचं मन नाही होत. तुमच्याकडं राहू द्या."

सासूबाईंनी डब्याकडे पाहिलं. "तुह्या देवायले आता म्या जेवाले घालाचं का?"

"घालतच असता नं तुमच्याले. तीन जास्त."

सासूबाईंनी देव घेतले, धुतले आणि आपल्या देवांशेजारी बसवले. काकूंशी मात्र त्या दिवसापासून त्या कामापुरतं बोलायला लागल्या. गल्लीत बातमी संध्याकाळपर्यंत पोचली.

मग वाट्या बंद झाल्या. कुणी ठरवून केलं नाही. सत्यनारायणाचा शिरा काकू घ्यायच्या नाहीत, हात जोडून म्हणायच्या, "प्रसाद नको मले." एकदा, दोनदा, मग बायका त्यांचं दार सोडून पुढच्या दारात जायला लागल्या. आमच्याकडे सणावारालाच वाट्या फिरतात. प्रसाद सोडला की उरतं तरी काय?

महालक्ष्म्यांचं जेवण होतं. आमच्याकडे त्या दिवशी नैवेद्य दाखवल्याशिवाय लेकराच्याही तोंडात काही जात नाही. पुरण शिजलं, पोळ्या झाल्या, आणि मी दोन पोळ्या, वाटीभर आंबील बाजूला काढून झाकून ठेवली. सासूबाईंनी पाहिलं.

"हे कायले?"

"काकूंसाठी. नैवेद्याच्या आधी काढलं म्हणजे प्रसाद होत नाही. खातील त्या."

"देवाच्या आधी तिले?" त्यांचा आवाज चढला. "देव बी इकडं टाकले, अन् आता पहिला घास बी तिचा? पाप हाये हे, मंदा."

"असू दे," मी म्हणाले. एवढं बोलायला मला कुठून बळ आलं, कोण जाणे. ताट घेऊन मी पलीकडे गेले. काकूंनी विचारलं, "नैवेद्य झाला का?" मी सांगितलं, नाही, आधीच काढलं. त्या बसल्या आणि पहिल्या पोळीचा तुकडा मोडताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "सासू बोलली असंन तुले," म्हणाल्या. ताट परत आलं तेव्हा त्यात डाळ होती, भरघोस. मला वाटलं, जमलं. आता असंच चालेल.

संक्रांतीला मी तिळाच्या लाडवांची वाटी तशीच आधी काढून दिली. दुसऱ्या दिवशी माझ्या ओट्यावर वाटी होती. घासलेली, लख्ख, पालथी. मी उलटी करून पाहिली. रिकामी.

मी तशीच वाटी घेऊन गेले. "काकू, डाळ संपली का?"

त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "रिकाम्या भांड्यात अपशकुन पाहनं बी बरोबर नाही म्हनते पुस्तकात. खोटी समजूत हाये ते. अन् सणाचं नको देत जाऊ आता. आधी काढलं तरी सणाचंच ते."

माझं डोकं फिरलं. "फुकट होता ना तुमचा हा अभ्यास? कोणाच्या घरचं, ते विचारत होता ना सगळ्यांना? आता सांगा मला, कुणी दिली याची किंमत?"

काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मग सावकाश म्हणाल्या, "लागली किंमत. मले ठाऊक हाये व, मंदे. पन एक सांग. तुमची वाटी तरी फुकट होती का? देव होते घरात तवर येत होती. देव गेले, तं येनं बंद झालं. तू एकटी आली. बाकीच्यायनं काहून नाही आणलं, बिना नैवेद्याचं?"

वाटी घेऊन मी घरी आले, मांडणीत ठेवली आणि मशीनवर बसले. काही वाटत नव्हतं. राग नाही, रडू नाही. त्या दिवशी सहा ब्लाउज उरकले. पलीकडून कुणी विचारलं नाही, दोरा तुटला का म्हणून.

त्यानंतर आमचं बोलणं भाजीपाला, पाणी आलं का, एवढ्यावर आलं. वाईट नव्हतं ते. नुसतंच होतं.

माघात काकू आजारी पडल्या. पाय सुजले, श्वास लागायला लागला. सरकारी दवाखान्यातून चार दिवसांनी घरी आणलं. उज्ज्वला आली, आठवडाभर राहिली, तिला नोकरी होती. मग शोभाताई आणि प्रणाली आळीपाळीनं यायला लागल्या. आंघोळ घालायच्या, कपडे धुवायच्या, पेज भरवायच्या. रात्रीचंही कुणीतरी मंडळीतलं थांबायचं. आमची गल्ली खिडकीतून बघत होती. मी भिंतीपलीकडून ऐकत होते, शोभाताई काकूंचे पाय चोळताना हळू आवाजात काहीतरी गात असायच्या. त्यांच्याविषयी मनात काय काय साठवलं होतं मी. त्या आवाजापुढे त्यातलं काही वर येईना.

कुठलाच सण नव्हता, वार नव्हता, अशा एका दिवशी मी मुगाची खिचडी केली आणि स्टीलच्या डब्यात घालून नेली. काकूंनी डोळे उघडले. "आज काय हाये?"

"काहीच नाही. खिचडी आहे."

"काहीच नाही," त्या म्हणाल्या, आणि दोन घास खाल्ले. डबा मी तिथेच ठेवून आले. तो परत आला नाही, मी मागितला नाही.

चैत्रात त्या गेल्या. मंडळीतल्या लोकांनी प्रार्थना केली, शोभाताई ढसाढसा रडल्या. गल्लीतले पुरुष समोरच्या ओट्यावर उभे होते, हात जोडायचे की नाही हे त्यांना कळत नव्हतं. माझे सासरे गेले तेव्हा काकूंनी आमच्या घरी तीन दिवस चूल सांभाळली होती. मी उज्ज्वलाजवळ उभी राहिले. रडले नाही. लोकांनी तेही पाहिलं असेल.

पंधरा दिवसांनी प्रणाली दारात उभी. खांद्याला तीच पिशवी, हातात माझा स्टीलचा डबा. जड लागत होता. उघडला तर आत सरगुंडे. काकूंचे होते, पण वाकडेतिकडे, काही फुटलेले, काही जाड.

"खाटेवर बसून केले त्यांनी," प्रणाली म्हणाली. "हात कापायचे. मी करू का म्हटलं, तर नाही म्हणाल्या. गेल्यावर द्यायला सांगितलं होतं." तिचा हात सवयीनं पिशवीत गेला, पुस्तकांवर टेकला आणि तसाच बाहेर आला. "आणखी एक सांगितलं होतं आजींनी. डबा दे, पुस्तक देऊ नको. नुसता डबा दे, म्हणाल्या."

मी तिला बसायला सांगितलं, चहा विचारला. ती नको म्हणाली. मीही आग्रह केला नाही. जाताना तिनं काकूंच्या कुलूप लावलेल्या दाराकडे पाहिलं आणि डोळे पुसले.

अक्षय तृतीयेला आमच्याकडे पितरांचा नैवेद्य असतो. रस काढला, कुरडया तळल्या, आणि मी काकूंचे सरगुंडे उकडायला ठेवले. पातेलं उतरवलं तशा सासूबाई माझ्याजवळ आल्या. देव्हाऱ्यात त्यांच्या देवांसोबत काकूंचे तीन देव बसलेले. ताटं अजून वाढायची होती.

"हे आधी काढ," त्या म्हणाल्या.

"देवाच्या आधी?"

"हाव. तिचं काही दाखवू नको त्यात. तिले नाही चालाचं." आणि त्यांनी दोन वाट्या पुढे केल्या, एक माझी, एक त्यांची. आम्ही स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभ्याउभ्याच खाल्ले. सासूबाईंचा जाड सरगुंडा आतून कच्चा होता, त्यांनी तोही चावून खाल्ला. मग नैवेद्य दाखवला.

दुपारी मी डबा घासला, पुसला. काय करते आहे ते कळायच्या आत बरणी उघडून त्यात मूठभर तुरीची डाळ टाकली, झाकण लावलं आणि दारापर्यंत गेले. पलीकडे त्यांच्या दाराला कुलूप होतं. डबा आमचाच होता. मी तिथेच उंबऱ्यावर बसले आणि तेव्हा मला रडू आलं.