चपट्या शेंगा

मुलीच्या शाळेने ‘हार्वेस्ट डे’ ठेवला तो जानेवारीच्या सुरुवातीला. शेत करंजाड्याच्या पलीकडे होते. तिथे इमारत उभी राहीपर्यंत मालकाने ती जागा शाळेला वापरायला दिली होती. दिवाळीनंतर मुलांनी तिथे वाल पेरला होता. आता पालकांसह येऊन शेंगा तोडायच्या होत्या.

वाल तयार नव्हता. शेंगा धरल्या होत्या, दाणा भरला नव्हता. पण पुढे स्नेहसंमेलन होते, तारीख बदलणे शाळेला जमणार नव्हते. म्हणून बाजारातून कोबी आणून बाजूच्या वाफ्यांत अर्धे पुरून ठेवले होते. मुलांनी ते उपटले. खाली मूळ नव्हते, सुरीने कापलेला देठ होता. पालकांनी टाळ्या वाजवल्या.

कामोठ्याहून आलेल्या एका वडिलांनी विचारले, “ऑरगॅनिक आहे ना, मॅम?”

“हंड्रेड पर्सेंट,” वर्गशिक्षिका म्हणाल्या.

त्यांनी कोबी हुंगला आणि बायकोलाही हुंगायला दिला.

माझी मुलगी आपल्या नावाची काठी लावलेल्या वालाच्या रोपापाशी बसली होती. बेलपाड्याला तिच्या आजोळी दर थंडीत पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला आणि वालाच्या शेंगा भरून भोवती जाळ करतात. यंदा शेंगा माझ्या, असे तिने आजोबांना बजावले होते. त्यांनी त्यासाठी पोपटी लांबवली होती.

“बेटा, तोड ना. सगळ्यांची पिशवी भरली,” बाई म्हणाल्या.

“चपट्या आहेत. पोपटीला दाणा लागतो.”

“अगं, फोटोपुरत्या तोड.”

“नाही.”

“घरीही अशीच हट्टी आहे का हो?” बाईंनी मला विचारले. शेंगा चपट्या आहेत, एवढेच मी सांगितले. त्या हसल्या. हट्टाचे मूळ त्यांना सापडले होते.

मालक गाडीला टेकून उभा होता. “काय झाला गो पोरी?” त्याने विचारले. तिने सांगितले. “ऱ्हाऊ दे तुजा झाड. कोनाला हात लावू देनार नाय मी.”

ती उठली. रिकामी पिशवी घेऊन रांगेत गेली.

मग मालकाला शाल घातली गेली आणि सगळ्यांचा फोटो ठरला. फोटोत मागे बांधकामाची क्रेन येत होती. हिरवळ हवी म्हणून फोटोग्राफरने सर्वांना पुढे घेतले, ते थेट वालात. शेंगा तुडवत पालकांनी जागा पकडल्या. मालक मधोमध उभा राहिला. त्याच्या बुटाखाली मुलीच्या नावाची काठी मोडली. त्याने शब्द पाळला होता. हात कोणीच लावला नाही.

संध्याकाळी फोटो ग्रुपवर आला. सगळ्यांनी कोबी उंचावले आहेत. मुलगी वाकून मालकाच्या बुटाखालून रोप ओढते आहे. खाली बाईंचा मेसेज होता: ‘सुंदर क्षण! फक्त एक मुलगी कॅमेऱ्याकडे बघत नाहीये. पालकांनी पुढच्या वेळी लक्ष द्यावे.’

मी बेलपाड्याला फोन केला आणि पोपटीसाठी थांबू नका, असे कळवले.