गळ्यातली कट्टी

तुमच्या घरात त्या रोगाला काय म्हणतात? खरं सांगा. ‘ते’, ‘तसलं’, ‘जरा बरं नाही’, असंच काहीतरी ना? आमच्या तंजावूरच्या मराठी घरांत त्याला कट्टी म्हणत. तमिळमध्ये कट्टी म्हणजे गाठ. मराठीतली कट्टी तुम्हाला ठाऊकच आहे. या दोन्ही कट्ट्या एकाच गळ्यात बाळगणारी माझी मामेबहीण, तिच्याएवढी भांडकुदळ मुलगी कावेरीच्या या काठावर झाली नाही आणि त्या काठावरही नाही.

सोळाव्या वर्षी मुली मैत्रिणींशी भांडतात, ही साऱ्या सृष्टीशी भांडे. सलाईनमधून औषध चढल्यावर इडलीचा वास सोसेना, म्हणून इडलीशी कट्टी. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या इस्पितळाच्या लिफ्टशी कट्टी. “पापम्, पापम्”, म्हणजे बिचारी, बिचारी, करत फळं घेऊन येणाऱ्या समस्त शेजारणींशी कट्टी. मोठ्या देवळातल्या नंदीसमोर उभी राहून तिनं त्याला सुनावलं होतं, “एवढा दांडगा होऊन नुसता बसून काय राहिलायस? ऊठ की!” तो उठला नाही. त्याच्याशीही कट्टी.

तिला रोगाचं नाव मात्र कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टर तमिळमधून म्हणाले, “चिन्न कट्टी,” म्हणजे लहानशी गाठ, आणि मामानं तोच शब्द ढालीसारखा धरला. मामीनं पुण्याच्या नातेवाईक मावशींना फोनवर रडत सांगितलं, “पोरीच्या गळ्यात कट्टी आहे हो!” पलीकडून मावशी म्हणाल्या, “अगं, मग रडतेस काय? पोरींचं काय मनावर घ्यायचं? उद्या बट्टी होईल!” हे ऐकून ही पोट धरून हसली. मग डोक्यावरचा स्कार्फ काढून तिनं मामीला विचारलं, “येवढ्याशा कट्टीला माझे केस कां गेले, अम्मा?”

मामी स्वयंपाकघरात गेली. मामा पेपरात शिरला. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. आमच्या वडिलांचा छापखाना. मी हँडबिलं वाचत वाढलो. संपाची, पाण्याची, वाढलेल्या भाड्याची. जे खरं ते मोठ्या टायपात, एवढंच मला शिकवलं गेलं होतं. मी म्हणालो, “कॅन्सर.” ती म्हणाली, “बरं झालं. आता नाव घेऊन भांडतां येईल.” मामा महिनाभर माझ्याशी बोलला नाही.

त्याच वॉर्डात तिला तो भेटला. तिरुवैयारूचा, मृदंग शिकणारा, उजव्या पायाच्या हाडात गाठ. सलाईन चालू असताना मोकळ्या हातानं लोखंडी खाटेवर ताल धरायचा. हिनं पहिल्याच दिवशी ओरडून सांगितलं, “डोकं दुखतंय! बंद कर, नाहीतर कट्टी!” त्यानं स्वतःच्या पायाकडे बघितलं आणि तमिळमधून शांतपणे म्हणाला, “ती मला आधीच आहे.”

झालं. प्रेमाला आणखी काय लागतं?

त्यानं तिला शिकवलं की तमिळ मुलं भांडली की म्हणतात ‘काय्’, म्हणजे कच्चं फळ. भांडण मिटलं की ‘पळम्’, पिकलेलं. मग घरात दिवसभर फोनवर “काय्!” सुरू झालं. मामी आतून विचारायची, “काय गं?” ही म्हणायची, “तुला नव्हे, अम्मा, त्याला!” पाय काढायचं ठरलं तेव्हा त्यानं विचारलं, “मग मृदंग ठेवू कशावर?” ही म्हणाली, “माझ्या मांडीवर ठेव. पण ताल चुकला तर काय्.”

पाय गेला. रोग छातीत पोचला. त्याला घरी पाठवलं, आणि तो फोनवर हिला म्हणाला, “तू बरी हो. मला विसर.” ही संतापली. “सिनेमातलं बोलतोस? पो डा, चल जा! काय्!” फोन बंद.

चार दिवसांनी त्याच्या आईचा फोन आला, तो मामानं घेतला. मुलाचं आता काही खरं नव्हतं. मामा आम्हाला हळूच म्हणाला, “हिला सांगू नका. पुढचा डोस आहे. जीव घाबरा होईल.” या गप्प बसण्याला आपण माया म्हणतो. त्या मायेपायी एका मुलीचं भांडण कायमचं कच्चं राहणार होतं. मी तिला सांगितलं. मामा दारात उभा राहिला. मामीनं त्याच्या हाताखालून तिच्या चपला बाहेर सरकवल्या.

तिरुवैयारूच्या वाटेत तिनं आमचा ऑटो थांबवला आणि एकच केळं घेतलं. तो बोलू शकत नव्हता. तिनं केळं त्याच्या मुठीत ठेवलं. “पळम्,” ती म्हणाली, “आणि पुन्हा सिनेमातलं बोललास तर बघ.” त्याची बोटं केळ्यावर हलली, अगदी हळू. तालातच होती, असं ती परत येताना सगळ्या वाटेत सांगत होती. दुसऱ्या दिवशी तो गेला.

पुढे तिची एकेक भांडणं मिटू लागली. लिफ्टशी पळम्. शेजारणींशी पळम्. नंदीला म्हणाली, “बस बाबा, तुझेही गुडघे दुखत असतील.” ज्या सकाळी तिनं इडली मागितली, त्या सकाळी मामी पातेल्याशी उभी राहून रडली.

एक कट्टी तेवढी उरली, माझ्याशी. तिच्या औषधांना मदत मागणाऱ्या एका हँडबिलात मी तिला ‘शूर कन्या’ म्हटलं होतं. “सुई बघून किंचाळतें मी, आणि शूर?” तिच्या शेवटच्या आठवड्यात मीच केळं घेऊन गेलो. तिनं ते उशाशी ठेवलं आणि म्हणाली, “नको, अण्णा. तुझी राहूं दे. कोणाशी तरी थोडं कच्चं राहिलेलं बरं.”

ती गेली, ही कट्टी अजून कच्चीच आहे. मी ती पिकू देत नाही.

तुमच्या घरात असं कुणी कोवळं माणूस असेल, तर आज त्याच्या शेजारी बसा आणि रोगाचं नाव त्याला सांगा. त्याचं कुणाशी भांडण उरलंय ते विचारा, आणि त्याला तिथवर घेऊन जा. वाटेत एक केळं घ्या.