शेवटच्या ओळीआधीचा श्वास

माझ्या थोरल्या जाऊबाई पिठाची चक्की चालवतात आणि रविवारी चर्चमध्ये पायपेटी वाजवतात. वाजवायच्या, असं म्हणायला हवं आता. पण माझ्या तोंडून अजून 'वाजवतात'च निघतं, आणि निघू दे. कुणाला खटकलं तर कान बंद करावेत.

लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हा जाऊबाईंनी मला स्वयंपाक येतो का हे विचारलंच नाही. विचारलं काय, तर, "तुझा सूर कुठला?"

"मला सूरबिर काही नाही हो," मी म्हटलं.

"मग माझ्या मागच्या बाकावर बस, म्हणजे मला ऐकू येईल," त्या म्हणाल्या, आणि तेव्हापासून मी गायकांच्या बाकांवर त्यांच्या पाठीमागे बसते. आमची ल्यूथरन मंडळी. आमच्याकडे गाणं चारदोन गळेवाल्यांनी गायचं आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या असं चालत नाही. अख्ख्या मंडळीनं गायचं, बेसूर असलात तरी. म्हणून तर माझा निभाव लागला.

घरात खाली चक्की आणि वर दोन खोल्या. पट्टा सुरू झाला की वरची भांडी कुरकुरायची. थोरले दीर, आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो, ते सकाळपासून चक्कीवर. त्यांच्या भुवया, पापण्या, कानाच्या पाळ्या, सगळं पांढरं. आवाज मात्र असा खर्जातला, की ते नुसते "कुणाचा डबा?" म्हणाले तरी बायका दचकायच्या. गाण्यात तेच आमचा खालचा सूर धरून ठेवायचे. नवराबायकोत कौतुकाचा एक शब्द नाही हो! उपासनेहून घरी येताना हे म्हणणार, "आज पेटी उपाशी होती का?" आणि त्या म्हणणार, "तुमचा आवाज चक्कीतच राहिला वाटतं." इतकंच. आणि दोघं खुशीत.

पुढे पीठ दादांच्या छातीत बसलं. डॉक्टरांनी चक्की सोडा म्हणून सांगितलं, ते त्यांनी या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं. पण दम पुरेना. प्रभुभोजनाच्या आधी आम्ही एक गीत गातो. त्यात दोनदा दया मागायची आणि शेवटी शांती. शांतीची ती शेवटची ओळ लांबलचक आणि खाली उतरत जाणारी. एका रविवारी दादांना ती म्हणताच आली नाही. तोंड मिटून नुसते उभे राहिले. त्या दिवशी ते घरी जेवले नाहीत आणि जाऊबाईंनी आग्रहही केला नाही.

पुढच्या रविवारी जाऊबाईंनी शेवटच्या ओळीआधी पट्ट्यांवरून हात उचलले. पाय चालू होते, भात्यात हवा भरत होती, हात मात्र वर. निम्मी मंडळी पुढे गेली, निम्मी अडखळली, नुसता गोंधळ. मला वाटलं, बाई विसरल्या. मग मला आरसा दिसला. पाळकांची खूण कळावी म्हणून पायपेटीवर एक छोटा आरसा लावलेला होता. जाऊबाईंनी तो थोडा तिरका केला होता. त्यात वेदी दिसत नव्हती, दादा दिसत होते. दादांचे खांदे वर गेले, छाती भरली, आणि तेव्हा कुठे जाऊबाईंचे हात खाली आले. दादांनी अख्खी ओळ म्हटली.

मी त्यांना काही विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही. थोड्या दिवसांत मंडळीला त्या थांब्याची सवय झाली. दादा गेले, तरी थांबा राहिला. आरसाही तसाच तिरका राहिला. दादांच्या जागी आता टपाल वाटणारे एक गृहस्थ उभे राहतात. त्यांनी मला एकदा बाजूला घेऊन विचारलं, "पेटीवाल्या बाई माझ्याकडेच का बघतात? माझं काही चुकतंय का?"

"सगळंच चुकतंय," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

आमच्या चर्चच्या किल्ल्या सांभाळणारे कारभारी मोठ्या होणाऱ्या मुलांना विश्वासाचे धडे देतात. त्यांनी तर कमालच केली. मुलांना शिकवलं, की ही पापं आठवायची जागा आहे, पूर्वापार चालत आलेली. त्यावर एका मुलीनं विचारलं, "एवढ्याशा वेळात बसतात का सगळी?" पण पुढे सगळेच तिथे माना खाली घालायला लागले. कुणी पाहुणा चुकून सरळ गात सुटला, तर त्याच्याकडे असे डोळे वटारायचे, की बिचारा पुन्हा यायचा नाही.

आणि एरवीही कुणी येत नव्हतंच म्हणा. मागचे बाक रिकामे. होतो तेवढे आम्ही पुटपुटत गायचो, घरी दूध उतू चाललंय असा चेहरा करून. अशात नव्या पाळकबाई आल्या. त्यांनी पहिल्या महिन्यातच बाक हलवून गोलाकार मांडले, म्हणजे गाताना एकमेकांची तोंडं दिसावीत. जुन्या गीतांना मरगळ आली होती, त्यांची चाल जरा पळती केली. दातांच्या एक डॉक्टरीणबाई मंडळीत होत्या, त्या छान कीबोर्ड वाजवतात हे इतक्या वर्षांत आम्हाला ठाऊकच नव्हतं. पाळकबाईंनी ते शोधून काढलं.

हे कळलं आणि मी पदर खोचला. आमच्या जाऊबाईंना पेटीवरून उठवतात म्हणजे काय! पाळकबाई चक्कीवर आल्या, उपड्या डब्यावर बसल्या, तेव्हा मी जिन्यात उभी राहून मनात भाषण जुळवत होते. पाळकबाईंनी सांगितलं काहीच नाही, विचारलं. "तुमचे गुडघे दुखतात ना? दोन गीतांच्या मध्ये तुम्ही दाबत असता. तुम्ही म्हणाल तसं करू."

जाऊबाई म्हणाल्या, "कुणीतरी विचारेल म्हणून वाट बघत होते मी. केव्हाचे बोंबलताहेत मेले."

झालं! माझं भाषण जिन्यातच राहिलं. वर मलाच चहा करायला लावला.

शनिवारी संध्याकाळी सगळ्या मंडळीची तालीम होती. प्रभुभोजनाआधीचं गीत आलं. शेवटच्या ओळीआधी आम्ही सगळे थांबलो, माना खाली. डॉक्टरीणबाई मात्र वाजवत थेट शेवटाला पोचल्या, आणि मान वर करून बघतात तर बरोबर गाणारं कुणीच नाही. "माझं काही चुकलं का?" त्या घाबरून म्हणाल्या.

कारभाऱ्यांनी घसा साफ करून पापांचं सगळं पुराण सांगितलं. पाळकबाईंनी उपासनेचं पुस्तक पुढेमागे चाळलं. "इथे तर थांबा दिलेला नाही."

"पूर्वापार आहे," कारभारी म्हणाले.

"पूर्वापार नाही." जाऊबाई उठून उभ्या राहिल्या. "ती जागा ह्यांची आहे. ह्यांना त्या ओळीआधी दम लागायचा, म्हणून मी थांबायचे. ते गेल्यावर मी बंद करायला हवं होतं. माझे हात खालीच जाईनात."

टपालवाले गृहस्थ, ते उभे होते तिथून एक पाऊल बाजूला सरकले.

"मग राहू दे ना ती जागा," पाळकबाई म्हणाल्या.

"नको. पोरं तिथे पापं मोजत बसतात, आणि कारण काय, तर माझा नवरा. गाणं मंडळीचं आहे, माझं एकटीचं नाही. सरळ म्हणा." आणि खरंच, त्यांनी आमच्याकडून ते सरळ म्हणून घेतलं. स्वतः बाकावर हाताचा पंजा आपटून ताल धरला आणि पुन्हापुन्हा म्हणायला लावलं. जो थांबेल त्याच्याकडे बघायच्या.

घरी येताना माझा तोल सुटला. "काय गरज होती सांगायची? त्या राहू दे म्हणत होत्या ना!"

"तुला माहीत होतं?"

"मला आरसा दिसायचा."

त्या रस्त्यातच थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "त्या जागेत मला ह्यांचा श्वास ऐकू यायचा गं. दर रविवारी. तेवढंच उरलं होतं."

"आणि तेच देऊन आलात!"

"दिलं." त्यांनी चक्कीचं कुलूप ओढून बघितलं आणि वर गेल्या. मी खालीच उभी राहून रडले. रागानं म्हणा, नाहीतर कशानं.

रविवारी त्या पहिल्यांदाच माझ्या शेजारी बाकावर बसल्या. हात घासूनपुसून आलेल्या, पण ते ठेवायचे कुठे हे त्यांना कळेना. मांडीवर ठेवले, पुस्तकावर ठेवले, मग पदरात लपवले. नव्या चालीनं चर्च गाऊ लागलं. खोटं कशाला बोलू, छान वाटत होतं. समोरची तोंडं हसरी दिसत होती.

शांतीचं गीत आलं. शिकवल्याप्रमाणे आम्ही सरळ गेलो, कुणी चुकलं नाही.

चुकल्या त्या जाऊबाई. ज्यांनी सगळ्यांना शिकवलं, त्याच थांबल्या. बाकाखाली त्यांचे पाय चालले होते, भाता नसताना. आमची ओळ संपली, कीबोर्ड थांबला, आणि त्या शांततेत माझ्या शेजारून एक बारीक आवाज शेवटची ओळ म्हणू लागला.

इतकी वर्षं एका घरात राहिले, पण जाऊबाईंना गाताना मी कधी ऐकलं नव्हतं. पेटीवर त्या कधी गातच नसत. दादांना ऐकत असत. आवाज बारीक, जरासा कापरा, पण सुरात असा की माझी मान ताठ झाली. दोन शब्द झाले आणि आपण एकट्याच गातोय हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी झटकन तोंडावर हात दाबला. चेहरा लहान मुलीसारखा झाला. मला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आम्हा दोघी जावांना पोटात घ्यावं.

डॉक्टरीणबाई समोरच होत्या. त्यांनी पट्ट्यांवर हात ठेवले आणि जाऊबाईंनी सोडलेली ओळ तिथूनच उचलली, हळूहळू. पाळकबाई त्यात शिरल्या. मग खालून टपालवाले, बेसूर का होईना, पण खर्जात. मग आम्ही सगळेच. अख्ख्या मंडळीनं दुसऱ्यांदा शांती मागितली, आणि जाऊबाईंनी तोंडावरचा हात काढून आमच्याबरोबर ती शेवटपर्यंत म्हटली.

तेव्हापासून आमच्याकडे ती ओळ दोनदा म्हणतात. ठराव नाही, बैठक नाही, कुणी सांगितलंही नाही. कारभाऱ्यांचा मुलांना नवा धडा तयारच आहे, पहिल्यांदा शांती मागायची आणि दुसऱ्यांदा मिळाली म्हणून म्हणायची. म्हणू दे.

पण एक ओळ संपवून तीच पुन्हा धरायची, तर मध्ये श्वास घ्यावाच लागतो, तोही चांगला छातीभर. सगळ्या मंडळीचे खांदे एकदम वर जातात, आणि चर्चभर तो आवाज होतो. तेवढ्यापुरते जाऊबाई डोळे मिटतात. मी शेजारीच असते. त्या ऐकत असतात.