आईच्या चालीतले दोन ठोके

उमरखेडमध्ये आमच्या बाबांचा बँड आहे. वरातीत सगळ्यात पुढे बाबा, लाल कोटात, क्लॅरिनेट घेऊन. चाली मात्र आई बसवते, पोळ्या लाटता लाटता, तोंडाने. कुणी तारीफ केली की बाबा म्हणतात, "मीच बसवली." यात त्यांना काही खोटं वाटत नाही. बायको त्यांचीच आहे ना.

गेल्या वर्षी मी आईला मोबाईलवर एका परदेशी बाईचं जॅझ ऐकवलं. ज्या काळात त्या धंद्यात बाया नुसत्या गायच्या, त्या काळात ही पुरुषांच्या बँडसाठी चाली रचायची. एक चाल पाय थिरकवणारी, दुसरी प्रार्थनेसारखी संथ, तिसरी अशी वाकडी की बाबांनी हातातला चहा खाली ठेवला.

"एकच बाई इतक्या बाया कायले होऊन राह्यली?"

"मी नाही होत का?" आई म्हणाली. "तुमच्यासंग येक, तुमच्या मायसंग दुसरी."

महिनाभर आईने त्या बाईला सोडलं नाही. भाकरी थापतानाही तिचेच ठोके पडायला लागले. मग तिने वरातीसाठी एक चाल रचली: क्लॅरिनेटने विचारायचं, ट्रम्पेटने उत्तर द्यायचं, आणि मध्ये सगळ्यांनी दोन ठोके गप्प राहायचं. "हे तरी माह्या नावानं वाजवा," ती बाबांना म्हणाली. बाबा म्हणाले, "पाहू." आमच्या घरात पाहू म्हणजे नाही.

शेजारच्याच लग्नात ती चाल वाजली. आम्ही मायलेकीही वरातीत होतो. पण आमच्याकडे बँड गप्प झाला की वरात थांबते. पहिल्याच शांततेत नाचणारे हात वर करून उभे राहिले, घोडेवाल्याने लगाम ओढला. बँड पुढे निघून गेला, नवरदेव मागेच राहिला. दर वेळी तेच. मांडवाशी पोचायला तासभर उशीर झाला. नवरदेवाचे मामा बाबांवर धावून आले. "हे काय वाजवून राह्यले, मास्टर?"

बाबांनी क्षणभरही विचार केला नाही. "माही नाही, बायकोची चाल हाय!" शिवाय बायकांच्या घोळक्यातल्या आईकडे बोटही दाखवलं. सगळी वरात तिच्याकडे वळून पाहायला लागली.

मला बाबांचा भयंकर राग आला. घरी आल्या आल्या मी आईची समजूत घालावी म्हणून स्वयंपाकघरात गेले, तर ती फुलसावंगीच्या मावशीला फोन लावून बसली होती.

"अवं, साऱ्या वरातीसमोर बोलले," ती सांगत होती, "का चाल माही हाय म्हणून."