श्यामकांतांनी पुसलेलं तळं

श्यामकांत बक्षी एका सरकारी कचेरीत तीस वर्षं जमिनीचे नकाशे काढायचे. अक्षर मोत्यासारखं, रेघ सरळ. निवृत्त झाल्यावरही कुणी प्लॉट घ्यायला निघालं की आधी त्यांना विचारून जायचं.

त्यांच्या पाऱ्यामागे, म्हणजे वस्तीच्या पाठीशी, एक तळं होतं. दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून कुण्या मालगुजार जमीनदारानं खोदवलेलं. पंचवीस वर्षांपूर्वी, निवडणूक तोंडावर असताना, कचेरीतल्या साहेबांनी श्यामकांतांना बोलावलं. नकाशात तळ्याच्या जागी पडीत जमीन दाखवायची होती, आणि पूर्वेकडचा भाग लगेच भरायचा होता.

"पण साहेब, तिथं पाणी आहे."

"सहा महिन्यांनी नसेल."

श्यामकांतांनी ब्लेडनं नकाशावरची तळ्याची निळी रेघ खरवडली. मग लोखंडाच्या कारखान्यातली राख भरलेले ट्रक येत राहिले. भराव झाला, घरांसाठी जमिनीचे पट्टे वाटले, घरं उठली. रेल्वेलाइनजवळच्या झोपडीतून हिरालाल तिथं राहायला आला. त्याच्या दोन्ही पोरी त्याच घरात शिकल्या.

गेल्या वर्षी उरलेल्या अर्ध्या तळ्यावर दुकानांची इमारत ठरली. इथं तळं कधी नव्हतंच, पावसाचं पाणी साचतं, असं कागदात लिहिलेलं. पुरावा म्हणून जोडलेला नकाशा श्यामकांतांचा.

त्यावरच्या सुनावणीला निघताना बायकोनं दार अडवलं. "काहून जाऊन राहिले? पेन्शन बंद केली म्हणजे?"

"गोदू, त्याच्यावर सही माझी आहे."

भरल्या सभागृहात ते उभे राहिले. "हा नकाशा खोटा आहे. मीच काढला."

"कोणाच्या सांगण्यावरून?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"साहेबांच्या. पण ब्लेड माझ्या हातात होतं."

इमारत थांबली, नव्यानं मोजणी होऊन तळ्याची नोंद तळं म्हणून झाली. पेन्शनलाही कुणी हात लावला नाही. पण सुनावणीच्याच संध्याकाळी हिरालाल फाटकाशी आला होता. "भैया, अब हमारा घर भी टूटेगा क्या?"

अजून नोटीस आलेली नाही, तरी हिरालाल त्यांच्याशी बोलत नाही.

यंदा श्रावणात हिरालालच्या गल्लीत गुडघाभर पाणी शिरलं. जुना ओढा तिथूनच तळ्यात उतरायचा, हे श्यामकांतांना ठाऊक होतं. नाली कुठून खणली तर पाणी निघेल, ते त्यांनी कागदावर काढलं आणि चिखल तुडवत हिरालालच्या दाराशी गेले. हिरालालनं कागद घेतला, उलगडून पाहिला. बसा म्हणाला नाही. आतून फावडं घेऊन आला आणि गल्लीच्या टोकाकडे चालू लागला.

श्यामकांतही मागोमाग निघाले.